मोटारीची घडण
जुन्या मोटारींचे जाणकार गाडीची किंमत पाहत नाहीत, घडण पाहतात. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली फियाट हे याचे उत्तम उदाहरण होय. पूर्वीच्या गोलाकार गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पद्मिनीचे अंग मात्र सरळ रेषांचे, मागच्या कडा किंचित उंचावलेल्या. मूळ घडणीत गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असल्यामुळे पुढची बैठक सलग ठेवता आली. रूप येथे सोयीला धरूनच आले. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी निवृत्त झाली. संस्थानिकांच्या मोटारी अगत्याने जपल्या जातात. सामान्यांची ही गाडीही जपली, तरच त्या काळाची दृष्टी पुढील पिढीस उमगेल.