राखीव नौदलाची छाटलेली शाखा

हे राखीव नाविक कोण?

ब्रिटनचं 'रॉयल नेव्हल रिझर्व्ह' 1859च्या कायद्याने उभं राहिलं. त्यात व्यापारी जहाजांवरचे खलाशी आणि अधिकारी असत. ज्यांचं पोट समुद्रावर नव्हतं त्यांच्यासाठी 1903मध्ये वेगळं स्वयंसेवक दल निघालं आणि 1958मध्ये दोन्ही दलं एक झाली. कारकून, शाळामास्तर, फिटर अशी माणसं नोकरी सांभाळून एखादी संध्याकाळ, काही शनिवार-रविवार आणि वर्षातले पंधराएक दिवस नौदलाला देत.

तारेचं काम

शीतयुद्धात ब्रिटनला धास्ती होती ती सोव्हिएत नौदलाच्या खोल पाण्यातल्या सुरुंगांची. स्कॉटलंडच्या क्लाइडमधून अण्वस्त्रधारी पाणबुड्या बाहेर पडत. त्यांची वाटच अडली तर सगळंच अडलं. यावरचा उपाय राखीव नाविकांकडे आला.

दोन जहाजं शेजारी शेजारी चालतात. दोघांमध्ये लांब पोलादी तार, तीही तळालगत राखलेली. तारेवरचे कापे सुरुंगाचा नांगरदोर तोडतात, सुरुंग उसळून वर येतो आणि मग त्यावर गोळ्या झाडून तो निकामी करतात. अवघड भाग आहे तो चाल राखण्याचा. वाऱ्यात किंवा भरतीत एका जहाजाचा वेग जरा बिघडला, की तारेची खोली बिघडते. हे पुस्तकातून येत नाही, त्याच जोडीदाराबरोबर पुन्हा पुन्हा समुद्रात जाऊन येतं.

आधी भाड्याच्या ट्रॉलरांवर सराव झाला. मग 1984पासून 'रिव्हर' वर्गाची 12 जहाजं सेवेत आली. एक सोडून सगळी राखीव दलाकडे आली, आणि टाइन, मर्सी, अल्स्टर अशा ठिकठिकाणच्या तुकड्यांना हक्काचं जहाज मिळालं.

कात्री

1990मध्ये 'ऑप्शन्स फॉर चेंज' ही संरक्षणकपात जाहीर झाली. पुढच्या वर्षी सोव्हिएत युनियनच उरलं नाही. जेमतेम दहा वर्षांची जहाजं विकायला निघाली: 7 ब्राझीलला, 4 बांगलादेशला, एक पुढे गयानाला. युद्धकाळात बंदरं सांभाळण्यासाठी तयार केलेली 'रॉयल नेव्हल ऑक्झिलरी सर्व्हिस' ही नागरी स्वयंसेवकांची संघटनाही 1994मध्ये मोडली.

धोका ओसरला होता, हे खरं. तरी राखीव दलावर कात्री चालवणं नेहमीच सोपं जातं, कारण कुणाची पोटापाण्याची नोकरी जात नाही आणि ओरड होत नाही. नियमित अधिकाऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. राखीव नाविक मात्र त्याच कामात वर्षानुवर्षं मुरतो. जहाज विकलं की या मुरलेल्या माणसाला घरी बसवलं जातं, आणि ते नुकसान हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे

भारतात कपात झाली नाही, पण सुरुंग काढणारी नवी जहाजं वेळेत आली नाहीत. 'कारवार' आणि 'काकीनाडा' हे माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग काढणारी जहाजं, 2017मध्ये मुंबईत निवृत्त झाले, तर 2019मध्ये शेवटचा 'कोझिकोड'. जागा घेणारं एकही जहाज तेव्हा तयार नव्हतं. मुंबई आणि न्हावा-शेवाची वाहतूक अरुंद खोदीव मार्गातून चालते. तिथे काही सुरुंग पेरले गेले, तरी बंदर ठप्प व्हायला तेवढे पुरतात.