आभाळाची वाट आणि घरचा सातबारा



बारावीचा निकाल लागला की आपल्या शेती खात्याच्या कचेरीत ऊस नोंदीबरोबर दुसऱ्याही गोष्टी निघतात. 'पोराला इंजिनिअरिंगला घालू का?' हा प्रश्न आता जुना झाला. अलीकडे मात्र काही सभासदांनी आम्हाला वेगळंच विचारलं, 'मुलगी पायलट व्हायचं म्हणती. खर्च किती येतो? आणि जमिनीचा तुकडा काढून एवढा पैसा त्यात घालावा का?'

प्रश्न साधा नाही. त्यात एका लेकराचं स्वप्न आहे आणि एका घराची तीन पिढ्यांची जमीनही आहे. म्हणून चार ठिकाणी विचारपूस करून, नियम वाचून, जे हाती लागलं ते या अंकात मांडत आहोत. स्वप्नाला नाट लावायचा हेतू नाही आणि कुणाला चढवून द्यायचाही नाही.

जुहूहून धुळ्याला

आपल्याकडे विमान चालवायला शिकवण्याची सुरुवात मुंबईत झाली. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी तेच टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. देशाच्या हवाई वाहतुकीची मुळी तिथं लागली.

मात्र जुहूच्या शेजारीच मुंबईचा मोठा विमानतळ वाढला. मोठी विमानं मिनिटामिनिटाला उतरू लागली. त्या गर्दीत शिकाऊ पोरांनी घिरट्या घालायच्या कुठं? भर बाजारात ट्रॅक्टर शिकवण्यासारखंच ते. म्हणून क्लबाचं उडण्याचं प्रशिक्षण धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर गेलं. शिरपूर, बारामती, जळगाव, गोंदियाजवळचं बिरसी अशा ठिकाणीही प्रशिक्षणाचं काम उभं राहिलं. लहान गावाची धावपट्टी शिकणाऱ्याला सोयीची असते. आभाळ मोकळं असतं आणि उतरण्यासाठी रांग लागत नाही.

आपल्या भागातल्या लोकांना कऱ्हाडजवळची वारुंजीची धावपट्टी ठाऊक आहे. ती १९५५ साली कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. धरणासाठी केलेली पट्टी नंतर दुसऱ्या कामी आली. लहान धावपट्ट्यांची गोष्ट बहुतेक अशीच असते.

बैलगाडीच्या निम्मं वजन

शिकवण्याचं विमान म्हणजे एस.टी.एवढं काहीतरी असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फार लहान असतं. सेसना १५२ हे जगभर शिकवण्यासाठी वापरलेलं विमान दोन माणसांचं. माणसं, तेल, सामान सगळं धरून त्याचं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. आपल्या बैलगाडीत दीड-दोन टन ऊस बसतो; म्हणजे भरलेलं विमान त्या उसाच्या निम्म्यावर. इंजिन ११० अश्वशक्तीचं, आपल्या दोन ट्रॅक्टरांएवढं. वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास आणि तेल तासाला वीस-पंचवीस लिटर.

हे तेल आपल्या पंपावरचं पेट्रोल नव्हे. विमानाचं खास पेट्रोल असतं. त्यात इथेनॉल चालत नाही, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि वर गेल्यावर इंजिनाला ते परवडत नाही. पूर्वी हे पेट्रोल बाहेरून यायचं. २०२२ साली इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या रिफायनरीत करायला घेतलं. मोठ्या जेट विमानांचं इंधन निराळं. तिथं मात्र आपल्या आसवनीचं नातं जुळू लागलं आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशी बनावटीचं जैवइंधन मिसळलं होतं आणि त्यात पुण्याच्या प्राज कंपनीचा वाटा होता. अल्कोहोलपासून जेटचं इंधन करण्याची रीत आता सिद्ध झाली आहे.

दोनशे तासांचा हिशेब

आता शिक्षणाचं. नोकरी करायची तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि एकूण २०० तासांचं उड्डाण हवं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन करायचे. दूरच्या गावचा एक प्रवास सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून करायचा असतो. रात्रीचं उड्डाण वेगळं. ढगात बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे पाहून चालवायचं शिक्षण वेगळं. शिवाय हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती यांच्या लेखी परीक्षा असतात, आणि रेडिओवर बोलण्याचाही परवाना काढावा लागतो.

प्रत्येक तासाची नोंद वैमानिकाच्या वहीत होते. तारीख, विमानाचा नंबर, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, प्रशिक्षकाची सही. आपल्या वजनकाट्याच्या पावत्या जशा हंगामअखेर जुळाव्या लागतात, तशी ही वही जुळावी लागते. एक तास खोटा लिहिला तर पुढची सगळी वही संशयात येते.

शिकणं पहाटे चालू होतं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा विरळ होते, विमानाला उचलायला लांब पट्टी लागते आणि वर धक्के बसतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ मोलाची. उडण्याआधी पोरगं विमानाला चहूबाजूंनी फेरी मारतं. पंख, चाकं, बिजागऱ्या हातानं तपासतं, इंजिनातलं ऑइल पाहतं आणि टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत घेऊन त्यात पाणी तर उतरलं नाही ना, हे बघतं. मग धावपट्टीशेजारची वाऱ्याची पिशवी पाहायची. उडायचं आणि उतरायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. खळ्यात उफणणी करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्याचा जो अंदाज असे, तोच इथं लागतो.

पहिले कित्येक दिवस एकच काम. उडायचं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरा घ्यायचा, उतरायचं, पुन्हा उडायचं. ते हाताखाली बसलं, असं प्रशिक्षकाला वाटलं की एके दिवशी तो दार उघडून खाली उतरतो आणि सांगतो, 'आता एकटा जाऊन ये.' शेजारची खुर्ची रिकामी असते. त्या दिवसानंतर पोरगं निराळं होतं, असं शिकवणारे सांगतात.

हौसेचं उडणं

खासगी वैमानिकाचा परवानाही असतो. त्यासाठी वय १७ आणि ४० तासांचं उड्डाण लागतं. हा परवाना हौसेचा. स्वतः उडावं, घरच्या माणसांना घेऊन उडावं, पण त्यासाठी मोबदला घेता येत नाही. परदेशात असे हौशी वैमानिक पुष्कळ असतात. आपल्याकडे थोडे, कारण विमानाचा दर तासाचा खर्चच भारी आहे. डॉक्टर, कारखानदार अशी मंडळी क्लबाचं विमान तासावर घेऊन उडतात. ज्याला नोकरी करायची आहे त्यानं मात्र हे दोन परवाने एकच समजू नयेत. पुढे पोट भरायचं तर ४० तासांवर काम भागत नाही.

पैशाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. देशात हे शिक्षण पुरं करायला साधारण चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. परवाना हाती आला तरी मोठ्या प्रवासी विमानाचं खास प्रशिक्षण निराळं घ्यावं लागतं. त्याला आणखी पंधरा-वीस लाख मोजावे लागू शकतात. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजना आहेत. त्यांचा आकडा कोटीच्या घरात जातो.

हा आकडा आपल्या भाषेत समजून घेऊ. एकरी ४० टन आणि टनाला ३,००० रुपये धरले तर एकराचे १ लाख २० हजार होतात. पन्नास लाख म्हणजे जवळजवळ ४२ एकरांच्या उसाचं बिल, तेही मशागत, खत, पाणी काही न वजा करता. दोन एकरवाल्या सभासदाचा तो जवळजवळ एकवीस हंगामांचा सगळा ऊस झाला. दहा टक्क्यांनी कर्ज काढलं तर पन्नास लाखांचं व्याजच वर्षाला पाच लाख. शिकतानाचे हप्ते पुढे ढकलता येतात, पण व्याज चढतच राहतं. शेतजमीन तारण घ्यायला अनेक बँका राजी नसतात; मग घर, प्लॉट किंवा जमिनीचा तुकडा विकणं, हीच वाट उरते.

आमच्या माहितीतल्या एका घरात असंच झालं. जमीन विकून सगळी फी एकरकमी भरली. संस्थेची विमानं दुरुस्तीसाठी उभी राहिली, प्रशिक्षक सोडून गेले, पावसाळा मधे आला. अडीच वर्षं झाली तरी पोराच्या वहीत ७० तास. फी परत मागितली तर नुसत्या तारखा मिळाल्या. पोरगं हुशार होतं, चूक त्याचीही नव्हती. पण वावर गेलं ते गेलंच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं चालवायला माणसं लागणारच. पण याच धंद्यात जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली आणि अनुभवी वैमानिक घरी बसले. परवाना म्हणजे नोकरीची हमी नव्हे. नव्या परवानेवाल्यांना थांबावं लागतं आणि त्या काळातही हप्ता थांबत नाही.

जिवाची गोष्ट

धोका लपवून उपयोग नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. म्हणून संस्था निवडताना स्वस्त-महाग एवढंच बघू नये. विमानांची देखभाल कोण करतं, हवा बिघडली तर उड्डाण रद्द करतात का, हे विचारावं. उतरताना बेत जमला नाही तर पुन्हा वर उचलून दुसरा फेरा घ्यायचा, यात कमीपणा नाही, असं जिथं शिकवतात ती जागा चांगली.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. 'पोरीच्या जातीला हे झेपंल का?' असं विचारणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला प्रवासी विमान नेलं तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज आपल्या देशात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितलं जातं. जगाच्या सरासरीच्या ते कितीतरी वर आहे. प्रश्न झेपण्याचा नाही. जो पैशाचा हिशेब मुलाला, तोच मुलीला.

पैसे भरण्याआधी

१. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच ती करावी लागते. व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची तपासणी लागते. रंग ओळखण्यात दोष निघाला तर वाट तिथंच अडू शकते. थोडक्या हजारांत जे कळतं, ते पन्नास लाख भरून कळू नये.

२. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित हे विषय धरून ठेवावेत. ज्यांचे ते नव्हते त्यांना मुक्त विद्यालयातून देता आले आहेत. ही अट सैल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला आहे. अर्ज करताना त्या वेळचा नियम पाहावा.

३. लेखी परीक्षा आधी द्याव्यात. त्यांना विमानाच्या मानाने फार थोडा खर्च येतो. त्यात पोराची गोडी आणि कस दोन्ही दिसतात.

४. संस्था महासंचालनालयाच्या यादीत आहे का, ते पाहावं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून महासंचालनालय प्रशिक्षण संस्थांची श्रेणीही जाहीर करू लागलं आहे, तीही पाहावी.

५. स्वतः जाऊन दोन दिवस राहावं. कागदावर किती विमानं आहेत ते विचारू नये. आज सकाळी किती उडाली ते मोजावं. शिकणाऱ्या पोरांना बाजूला घेऊन विचारावं, 'गेल्या महिन्यात किती तास झाले?'

६. सगळी फी एकदम भरू नये. जेवढे तास, तेवढा पैसा, असा लेखी करार करून टप्प्याटप्प्यानं भरावी. मधेच सोडलं तर काय परत मिळणार, हेही त्यातच लिहून घ्यावं.

७. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिथं प्रवेश परीक्षेवर निवड होते. पोराला तिचा अभ्यास करायला लावावा. निवड झाली नाही तरी तयारी वाया जात नाही.

सभासद बंधूंनो, ज्यांच्याकडे ऐपत आहे आणि ज्यांचं लेकरू या सगळ्या चाळण्यांतून उतरलं आहे, त्यांनी खुशाल पुढे जावं. आपल्या कार्यक्षेत्रातली मुलगी विमान उडवते आहे, असं छापायला आम्हाला आनंदच होईल. पण ज्याचं सगळं घर दोन एकरांवर उभं आहे, त्यानं ते दोन एकर एका फीच्या पावतीवर लावू नयेत. विमानाच्या दुरुस्तीतही मुलींना-मुलांना काम आहे. विमानतळावरचं हवाई नियंत्रण, हवामान खातं, असेही रस्ते आहेत, आणि त्यांचा खर्च यापेक्षा पुष्कळ कमी. ज्यांना परवान्याच्या अटी आणि वैद्यकीय तपासणीची माहिती समजून घ्यायची असेल, त्यांनी मुलाला-मुलीला बरोबर घेऊन यावं. कागद आम्ही काढून ठेवले आहेत; सगळे मिळून वाचू.