देवयानीचा निरोप

कार्तिकातल्या निरभ्र रात्री, नऊ-दहाच्या सुमारास, पारोळ्याच्या बाजारपेठेतील दिव्यांचा झगमगाट जेथवर पोहोचत नाही अशा एखाद्या शेताच्या बांधावर उभे राहून उत्तरेकडे तोंड करावे आणि मान बरीच उंचावावी, म्हणजे उत्तरा भाद्रपदेपासून निघालेली देवयानीच्या ताऱ्यांची ओळ दिसते. आणि डोळा अंधाराला सरावला असेल, तर त्या ओळीच्या जवळच धूसर पुंजक्यासारखी देवयानी दीर्घिकाही दिसते. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात.

या तारकासमूहाच्या, म्हणजेच अँड्रोमेडाच्या, दिशेकडून पृथ्वीवर एक निरोप येतो, अशी कल्पना करून ब्रिटनच्या बी.बी.सी.ने ३ ऑक्टोबर १९६१ पासून दर मंगळवारी, सात भागांत, ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही दूरचित्रवाणी मालिका प्रक्षेपित केली. आपल्याकडे त्या वेळी दूरचित्रवाणी दिल्लीपुरतीच होती, आणि मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडायचा होता. तरीही या मालिकेचे मराठी वाचकाशी निकटचे नाते आहे. कारण तिची कथा ज्यांच्या बुद्धीतून निघाली ते फ्रेड हॉइल हे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी शिजतात हे सांगणाऱ्या १९५७ सालच्या विख्यात शोधनिबंधाचे एक कर्ते, आणि मालिका चालू असताना त्यांच्या हाताखाली जयंत विष्णू नारळीकर हा कोल्हापुरात जन्मलेला तरुण संशोधन करीत होता. हॉइल यांच्या कथेला जॉन एलियट यांनी नाट्यरूप दिले.

कथानक असे. नव्याने उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातून ठरावीक क्रमाने येणारे संकेत सापडतात. जॉन फ्लेमिंग हा तापट तरुण शास्त्रज्ञ ते उकलतो, तेव्हा त्यात ना क्षेमकुशल असते, ना धमकी. असतो तो एका प्रचंड गणकयंत्राचा तपशीलवार आराखडा. सरकार स्कॉटलंडमधील एका लष्करी ठाण्यात, कडेकोट बंदोबस्तात, ते यंत्र बांधवून घेते. यंत्र सुरू होते आणि माणसांनाच प्रश्न विचारू लागते: तुमची शरीरे कशाची घडली आहेत, तुमच्यातील सजीवपणा कोणत्या द्रव्यांवर चालतो? मिळालेल्या उत्तरांवरून ते मॅडेलीन डॉने या जीवशास्त्रज्ञ बाईंना सजीव द्रव्य घडविण्याची कृती देते, आणि प्रयोगशाळेत एकच डोळा असलेला एक जीव निपजतो. पुढे क्रिस्टीन नावाची मदतनीस मुलगी यंत्राच्या दोन धातुमय टोकांकडे ओढल्यासारखी जाते, ती हातांत धरते आणि विजेच्या धक्क्याने जागच्या जागी मरते. तिच्या देहाची सारी माहिती यंत्राने तेवढ्यात टिपून घेतलेली असते. कारण त्यानंतर ते एका गर्भाची कृती पाठविते, तो गर्भ अतिशय वेगाने वाढतो, आणि सर्वांसमोर येते ती मृत क्रिस्टीनच्याच मुखवट्याची एक तरुणी. या दोन्ही भूमिका जूली ख्रिस्ती या तेव्हा अगदी नवख्या असलेल्या अभिनेत्रीने केल्या. पहिलीचे केस काळे, दुसरीचे सोनेरी. मुद्रा तीच, पण त्या मुद्रेमागे ओळखीचे कोणीही नाही. कृष्णधवल चित्रात तो चेहरा पाहताना अंगावर जो काटा येतो, तो रंगवलेल्या राक्षसाला पाहून येत नाही.

सात भागांपैकी सहावा, ‘द फेस ऑफ द टायगर’, मला सर्वांत भयावह वाटतो, आणि तो केवळ यंत्राच्या करणीमुळे नव्हे. या भागाच्या सुमारास ती तरुणी सरकारला क्षेपणास्त्र सिद्ध करून देते, जखमी पेशी पुन्हा भरून आणणारे एक विकर शोधून देते, आणि सरकार त्या विकराच्या विक्रीसाठी ‘इंटेल’ या (मालिकेतल्याच, काल्पनिक) बलाढ्य व्यापारी संघटनेशी करार करते. फ्लेमिंग एकटा ओरडून सांगत असतो की हे सारे थांबवा. पण ज्याच्या हाती एकदा संरक्षण आणि नफा दोन्ही पडले, तो दरबार शास्त्रज्ञाच्या शंकेची दखल कशाला घेईल? आमच्या पारोळ्याच्या भुईकोटाला डोंगराचा आसरा नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी त्याभोवती खंदक खोदला, तट उभारले. पण पत्र घेऊन आलेल्या पाहुण्याला आतल्याच माणसांनी दरवाजा उघडून दिला, तर तट आणि खंदक काय करणार? हॉइल यांना भय वाटत होते ते या दरवाजा उघडण्याचे. अखेरच्या भागात फ्लेमिंग कुऱ्हाड घेऊन यंत्र फोडतो, ते सरकारच्या हुकमावरून नव्हे.

या कल्पनेमागचा वैज्ञानिक विचार भक्कम होता. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट आहेत की तेथून सदेह येणे दुर्घट. परंतु रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, धावतात, आणि माहितीला वजन नसते. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी अशा संकेतांचा शोध घ्यावा असे ‘नेचर’मध्ये सुचविले, आणि १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत तो प्रत्यक्ष घेतला. मालिका आली ती त्याच्या पुढच्याच वर्षी.

गुरूचा हा वसा शिष्याने मराठीत आणला, असे म्हणण्यास आधार आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. पुढे ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या एका पेटीतून लुप्त संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्याच्या आधारे यंत्रमानव घडविला जातो. येथे निरोप आकाशातून न येता भूगर्भातून येतो, एवढाच काय तो फरक. आयते ज्ञान कितपत स्वीकारावे, हा प्रश्न दोघांचाही एकच.

हॉइल पुढे म्हणत राहिले की जीवसृष्टीचे बीजच अंतराळातून आले असावे. बहुतेक शास्त्रज्ञांनी हे मानले नाही; नारळीकरांनी मात्र ते तपासून पाहण्याची तजवीज केली. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांद्वारे ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा झाले, आणि २००५ च्या प्रयोगातून तीन नव्या जिवाणुजाती मिळाल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. त्या बाहेरूनच आल्या असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे इस्रोनेच स्पष्ट केले. त्यांपैकी एकीचे नाव ‘जॅनिबॅक्टर हॉइलाय’ असे, हॉइल यांच्या स्मरणार्थ ठेवले गेले. मतभेद कितीही असोत, प्रयोगाने उत्तर शोधण्याची ही रीत मला अत्यंत आदरणीय वाटते.

आता मालिकेच्या दप्तराविषयी. त्या काळी प्रक्षेपणानंतर मुद्रणे जपून ठेवण्याची रीत नव्हती, आणि ‘ए फॉर अँड्रोमेडा’ जवळजवळ सगळी नष्ट झाली. आज संपूर्ण उपलब्ध आहे तो एकच भाग, हाच सहावा. इतरांचे काही तुकडे. हा सहावा भागही बी.बी.सी.च्या संग्रहात नव्हता. तो एका खाजगी संग्राहकाकडे राहिला होता आणि २००५ मध्ये परत मिळाला. म्हणून वाचकांना विनंती अशी की, आपल्या घरी माळ्यावर दूरदर्शनच्या जुन्या विज्ञान कार्यक्रमांच्या किंवा आकाशवाणीवरील व्याख्यानांच्या फिती पडल्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत देऊ नयेत. त्यांवर तारीख आणि विषय लिहून एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वाधीन कराव्यात.