मोझार्टच्या पाखराचा चुकलेला सूर

आजोळच्या वाड्यात एक पोपट होता. त्याला रोज सकाळी एक लाल मिरची मिळायची. मिरची खाल्ली की जीभ सुटते, असं मामीआजीचं ठाम मत. वर्षभर 'विठू विठू' घोकून घेतलं, ते त्याने कधी म्हटलं नाही. पण विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर अशी काढायचा, की पाण्याला कोण आलं ते बघायला आजी ओसरीवर यायची.

मिरचीचं आधी उरकू. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्याला झोंबतं, पक्ष्यांना नाही. त्यांच्या चेतातंतूंतला ग्राही त्याला दादच देत नाही. म्हणून तर रानात मिरचीचं बी पाखरं आरामात खातात आणि दूरवर टाकतात. दुसरी समजूत मात्र क्रूर आहे: पहाडी मैनेची जीभ तासली की ती स्पष्ट बोलते म्हणे. पक्ष्यांचा आवाज जिभेतून येत नाही, गळ्याच्या वरच्या टोकातूनही नाही. श्वासनलिका छातीत जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे त्यांचं ध्वनियंत्र असतं, आणि गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्र आवाज काढू शकतात. पोपट तो आवाज घडवायला जीभ वापरतो. म्हणजे ती कापून मिळणार काहीच नाही, जाणार मात्र बरंच.

आता सगळ्यात नावाजलेल्या गाणाऱ्या पाखराकडे वळू, कारण त्याच्याभोवती गैरसमजांचं मोहोळच आहे. 27 मे 1784 रोजी व्हिएन्नात मोझार्टने 34 क्रॉयझरला एक स्टारलिंग विकत घेतला. हा आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी. त्याचं नाव 'स्टार' होतं असं हौसेने सांगतात. पण जर्मनमध्ये 'स्टार' म्हणजेच स्टारलिंग. आपण पोपटाला 'पोपट' म्हणावं तसं ते.

मोझार्टने खर्चाच्या वहीत किंमत मांडली आणि शेजारी पाखराने म्हटलेली चाल स्वरलिपीत उतरवली. ती त्याच्याच सतराव्या पियानो कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागातली. इथूनच 'मोझार्टने धून पाखराकडून उचलली' ही गोष्ट निघाली. ती खोटी आहे. कॉन्चेर्टो पुरा झाल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या यादीत 12 एप्रिलची आहे, पाखरू दीड महिन्याने आलं. मग पाखराला ती आली कुठून? मोझार्ट दुकानात येताजाता शीळ घालत असावा, हा अंदाज पटण्यासारखा आहे. स्टारलिंग चाल चटकन उचलतात.

आणि त्याने ती जशीच्या तशी म्हटलीच नव्हती. चाल जी मेजरमधली, तेव्हा जी हा तिचा षड्ज समजा. पाखराने तो षड्जच अर्धा सूर चढवला, आणि एक सूर नको तितका धरून ठेवला. मोझार्टने चूक दुरुस्त केली नाही. खाली शेरा मारला: छान होतं हे!

'नक्कल म्हणजे टेपरेकॉर्डर' या समजुतीला इथेच तडा जातो. मेरेडिथ वेस्ट आणि अँड्र्यू किंग या अमेरिकी संशोधकांनी स्टारलिंगची पिल्लं हाताने वाढवली आणि 1990मध्ये त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं. ती पाखरं चाल मध्येच सोडून देत, भलत्याच जागी तोडत, माणसाच्या शब्दांना स्वतःची शीळ जोडत. माणसांच्या अंगाखांद्यावर वावरलेल्या पाखरांनीच माणसांचे आवाज उचलले. ज्यांना ते नुसते कानावर पडत होते, त्यांनी उचलले नाहीत. दिवसभर मोबाइलवर गाणं लावून पिंजरा गॅलरीत टांगणाऱ्यांनी हे वाचावं. आमच्या पोपटाने मात्र रहाट का निवडला? मला वाटतं, ती कुरकुर काढली की आजी बाहेर यायची, म्हणून.

'पक्ष्यांचा कान आपल्यासारखाच सुरेल' हेही गृहीत धरलं जातं. आपण एखादी बंदिश काळी एकमध्ये ऐकली काय किंवा काळी चारमध्ये, ती तीच बंदिश. पट्टी बदलल्याने राग बदलत नाही, हे शाळकरी पोराचाही कान सांगतो. स्टारलिंगला तसं जमत नाही. शिकवलेली सुरावट वरच्या किंवा खालच्या पट्टीत वाजवली की त्याला ती अनोळखी होते. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याहून गमतीची गोष्ट दिसली: स्वराची उंची पुसून टाकली, पण आवाजाचा पोत, म्हणजे त्यातल्या कंपनांची एकूण ठेवण कायम ठेवली, तर पक्ष्यांनी ती सुरावट ओळखली. आपण चाल ऐकतो, ते पोत ऐकतात. मोझार्टच्या कानाला जो षड्ज चढलेला वाटला, तो त्या पाखराच्या लेखी चुकलाच नसेल कदाचित.

राहिला तो अंत्यविधी. 4 जून 1787 रोजी पाखरू मेलं. मोझार्टने त्याला थाटाने निरोप दिला, त्याच्यावर कविता केली. त्याआधी आठवडाभरच, 28 मे रोजी, साल्झबर्गला वडील लिओपोल्ड गेले होते. 'बापाच्या अंत्ययात्रेला गेला नाही, पाखराची काढली', हा टोमणा तेव्हापासून चालू आहे. पण वडिलांचं दफन दुसऱ्याच दिवशी झालं, आणि घोडागाडीच्या त्या काळात व्हिएन्नाला बातमी पोचायलाच काही दिवस लागले. तो जाणार कधी? त्याच महिन्यात यादीत चढलेली 'म्युझिकल जोक' ही बेसूर, अडखळती रचना म्हणजे पाखराला वाहिलेली श्रद्धांजली, असंही म्हणतात. वेस्ट आणि किंग यांना तिच्यात स्टारलिंगच्या सवयी ऐकू आल्या, आणि कल्पना रम्य आहे. पण हस्तलिखिताच्या कागदांचा अभ्यास सांगतो, की ती बरीच आधी लिहायला घेतली होती, पाखरू जिवंत असतानाच. म्हणजे झालीच असेल तर ती मयताची नव्हे, घरात चाललेल्या रियाजाची नक्कल.

हे वाचून कुणाला साळुंकी पाळावीशी वाटली, तर 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. पोपट, पहाडी मैना, साळुंकी यांतलं काहीही पकडता, विकता वा पाळता येत नाही. वाड्यातला तो पिंजरा आज गुन्हा ठरेल. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे हिरवे-निळे पक्षी मिळतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. ती ऑस्ट्रेलियातली बजरीगार. शब्द उचलण्यात त्यांतला नर जास्त तरबेज. चोचीच्या मुळाशी निळा पट्टा दिसला, तर बहुधा नर.