प्लगइनचे स्वयंचलित सक्रियीकरण (वर्डप्रेस)

प्लगइनचे स्वयंचलित सक्रियीकरण म्हणजे संकेतस्थळावर प्लगइन स्थापित होताच, प्रशासकाने वेगळी आज्ञा न देता, ते कार्यान्वित होणे. २००३ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या वर्डप्रेस या मुक्त-स्रोत आशय व्यवस्थापन प्रणालीत स्थापना आणि सक्रियीकरण हे दोन स्वतंत्र टप्पे आहेत.

कार्यपद्धती

स्थापनेच्या वेळी प्लगइनच्या फाइली सर्व्हरवरील ठरावीक फोल्डरमध्ये उतरवल्या जातात. वर्डप्रेस त्यांतील कोड चालवत नाही. सक्रिय करताना मुख्य फाइल चालवून पाहिली जाते, विदागारात तक्ते तयार करण्यासारखी प्रारंभिक कामे पार पाडली जातात आणि सक्रिय प्लगइनच्या यादीत नाव नोंदवले जाते. ही यादी विदागारातील 'ऑप्शन्स' तक्त्यात असते. फाइल चालवताना घातक त्रुटी आढळल्यास सक्रियीकरण होत नाही.

पद्धती

दोन्ही टप्पे एकत्र करण्याचे प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

• आज्ञावली: 'डब्ल्यूपी-सीएलआय' या साधनात स्थापनेच्या आज्ञेला 'ॲक्टिव्हेट' हा पर्याय जोडता येतो. अनेक संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना तो सोयीचा ठरतो.

• अनिवार्य प्लगइन: 'एमयू-प्लगइन्स' फोल्डरमध्ये थेट ठेवलेली पीएचपी फाइल आपोआप चालते. उपफोल्डरमधील फाइली मात्र आपोआप घेतल्या जात नाहीत. असे प्लगइन प्रशासन-पटलावरून निष्क्रिय करता येत नाही आणि त्याची सक्रियीकरणाच्या वेळची प्रारंभिक कामेही होत नाहीत.

जोखीम

सक्रिय प्लगइनला संकेतस्थळाच्या संपूर्ण विदागारापर्यंत पोहोचता येते. त्यामुळे न तपासलेले प्लगइन आपोआप सुरू झाल्यास वाचकांची माहिती उघड होणे किंवा अन्य प्लगइनशी संघर्ष होऊन संकेतस्थळ बंद पडणे संभवते. दोन टप्प्यांमधील विराम प्रशासकाला सुसंगतता पाहण्याची व बॅकअप घेण्याची संधी देतो. २०१९ मधील ५.२ आवृत्तीपासून घातक त्रुटी उद्भवल्यास प्रशासकाला ईमेलने दुवा पाठवणारी पुनर्प्राप्ती व्यवस्था उपलब्ध आहे. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवरच राहतात. त्यांतील सुरक्षा-त्रुटींचा गैरवापर होऊ शकत असल्याने अनावश्यक प्लगइन काढून टाकणे इष्ट असते.

स्वयंचलित अद्ययावतीकरणाशी फरक

२०२० मधील ५.५ आवृत्तीत प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सुविधा प्रशासन-पटलावर आली. ती आधीच स्थापित असलेल्या प्लगइनची नवी आवृत्ती उतरवते. निष्क्रिय प्लगइनला सक्रिय करत नाही.