तीन पावसाळ्यांचे संशोधन

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे लागते. इथून एक रस्ता आंबिवलीकडे, पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याला जातो आणि दुसरा खांडसकडे. डांबर संपले की पायवाटा सुरू होतात आणि त्या पायवाटांच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत, ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. जुलैत आठवडाभर झड लागली की समोरची भीमाशंकरची रांग ढगात दिसेनाशी होते. खाचरे भरली म्हणून खालच्या गावात समाधान असते. वरच्या वाड्यांत मात्र रात्री झोप लागत नाही, आणि 2023 नंतर तर नाहीच.

त्या वर्षी 19 जुलैच्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगराचा भाग कोसळला. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले.

यादीत नव्हती, कारण अशा याद्या ज्या नकाशांच्या आधारे होतात ते नकाशे फार मोठा मुलूख एका नजरेत पाहण्यासाठी बनवलेले असतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे जे नकाशे केले, त्यांचे प्रमाण एकास 50 हजार आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो. चाळीस-पन्नास घरांची वाडी अशा नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढी जागाही घेत नाही. तालुक्यातला कोणता पट्टा नाजूक आहे हे त्यावरून कळते, पण अमुक वाडीच्या डोक्यावरचा उतार कसा आहे, हे कळायला आणखी बारीक काम लागते. एकेका उताराची माती किती खोल, खालचा बेसॉल्ट किती कुजलेला, पाणी कुठून मुरते आणि कुठून बाहेर येते, हे बघावे लागते. असे काम करायला सरकारी खात्याकडे माणसे पुरत नाहीत. त्यातले बरेच काम विद्यापीठांत होते.

इथे अवकाश संशोधनाचा संबंध येतो. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या उपग्रहाला सह्याद्रीवर फक्त ढग दिसतात. रडारच्या उपग्रहाला ढगांचा आणि अंधाराचा अडथळा नसतो. तो स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवरून परतलेल्या लहरी टिपतो. त्याच जागेवरून काही दिवसांनी पुन्हा जाताना आधीची लहर आणि आताची लहर ताडून पाहिली, तर मधल्या काळात जमीन किती सरकली हे सेंटिमीटरमध्ये, अनुकूल परिस्थितीत त्याहूनही बारीक, सांगता येते. नासा आणि इस्रोने मिळून बनवलेला निसार हा उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून गेला तो याच कामासाठी. त्याची पसरलेली अँटेना 12 मीटर व्यासाची आहे आणि दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने ती पानांवरूनच परत फिरते. लांब लहर झाडोऱ्यातून बऱ्याच अंशी खाली पोहोचते. कोकणातल्या हिरव्यागार उतारांसाठी हा फरक मोठा आहे.

तरी उपग्रह वर गेला म्हणजे वाडी सुरक्षित झाली, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. रडार तिरके पाहते, त्यामुळे उभ्या कड्यामागचे काही उतार त्याच्या सावलीत राहतात. पावसाळी हवेतली वाफ लहरीला उशीर करते, आणि तो उशीर जमीन सरकल्यासारखाच दिसतो. शिवाय सगळ्या दरडी आधी हळूहळू सरकून सूचना देत नाहीत. काही उतार वर्षानुवर्षे सरकतात, तर काही ठिकाणी तीन दिवसांच्या मुसळधार पावसाने फुगलेली माती एका रात्रीत सुटते. उपग्रहाच्या चित्रातला कोणता ठिपका खरी हालचाल आहे आणि कोणता वाफेचा खेळ, हे ठरवायला कोणाला तरी त्या उतारावर जाऊन उभे राहावे लागते.

असा 'कोणी तरी' तयार करण्याची एक जुनी सरकारी योजना आहे. इस्रोने 1970 च्या दशकात 'रिस्पॉण्ड' नावाने विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कोणत्या प्रश्नांवर काम हवे आहे याची यादी इस्रो प्रसिद्ध करते, प्राध्यापक प्रस्ताव पाठवतात आणि इस्रोचा एखादा शास्त्रज्ञ प्रकल्पाशी जोडलेला राहतो. त्याशिवाय आयआयटी मुंबईत इस्रोचा अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहे, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन कार्यक्रम आहे. योजना चांगली आहे. तिने देशाला अनेक शास्त्रज्ञ दिले. अडचण तिच्या आकाराची आणि मुदतीची आहे.

अवकाश विभागाचे वार्षिक अंदाजपत्रक अलीकडे 13 हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. विद्यापीठांना मिळणारा वाटा त्यात अगदी लहान. एकट्या निसारचा खर्च दोन्ही देशांचा मिळून सुमारे दीड अब्ज डॉलर. त्याची चित्रे मात्र सर्वांना फुकट मिळतात. म्हणजे महागडी गोष्ट फुकट मिळते आहे आणि ती वाचणारा माणूस ठेवायला पैसे शोधावे लागत आहेत! केंद्र सरकारने जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा 37 हजार आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ म्हणून 42 हजार केले. घरभाडे सोडले तर तीन वर्षांत एका विद्यार्थ्यावर सुमारे 14 लाख रुपये खर्च होतात. उपग्रहाच्या हिशेबात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

मुदतीची गोष्ट पैशाहून वाईट. असा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो. डोंगराच्या हिशेबात तीन वर्षे म्हणजे तीन पावसाळे. मंजुरीचे पत्र येते, पहिला हप्ता विद्यापीठाच्या खात्यात पडतो, संशोधकाची जाहिरात निघते, मुलाखती होतात, उपकरणाची निविदा निघते आणि यात पहिला पावसाळा बहुधा निघून जातो. पुढचा हप्ता आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्यावर. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवा, याबद्दल वाद नाही. पण पाऊस लेखापालासाठी थांबत नाही. तिसऱ्या वर्षी नोंदींना कुठे अर्थ येऊ लागतो, तोवर विद्यार्थी नोकरीच्या शोधात आणि उतारावर बसवलेले यंत्र गवतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थी-उपग्रहांनी हे वेगळ्या प्रकारे अनुभवले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' जून 2016 मध्ये आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कक्षेत गेला. इस्रोने दोन्ही आपल्या रॉकेटवरून नेले. एक किलोभराचा, दुसरा दहा किलोंचा. पण दोन्हींना आठ-नऊ वर्षे लागली, कारण शिकलेली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडे आणि नवी तुकडी पुन्हा पहिल्यापासून शिके. माणसे टिकली नाहीत की ज्ञान दर खेपेस नव्याने विकत घ्यावे लागते.

सातत्याची किंमत काय असते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे, जरी ते विद्यापीठाचे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडण्याची भीती होती. म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. तिथल्या नोंदी 1904 पासून सुरू आहेत आणि आज ते काम नवी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत होती. तिचा नीट अभ्यास होऊन शोधनिबंध निघाला 2003 मध्ये, 144 वर्षांनी. ती वही लिहिणाऱ्याला तीन वर्षांचीच मुदत असती तर?

केंद्राने 2023 मध्ये कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. पाच वर्षांत 50 हजार कोटींची कल्पना मांडली गेली. त्यातले 14 हजार कोटी सरकारचे आणि बाकी मुख्यतः उद्योगांकडून अपेक्षित. राज्य विद्यापीठांना संशोधनाच्या प्रवाहात आणणे हा त्याच्या घोषित हेतूंपैकी एक आहे. दरडीच्या अभ्यासात कोणत्या कंपनीला रस वाटेल हा प्रश्नच आहे, कारण इर्शाळवाडीसारख्या वस्तीकडून कोणाला काही विकत घेतले जाण्याची आशा नाही. हा खर्च सरकारलाच करावा लागेल.

तोवर वाडीकडे स्वतःचे काही निरीक्षण असते आणि शास्त्र त्याला दुजोरा देते. उतारावर घराला समांतर नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे अचानक अडकू लागणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा एकाएकी बंद पडणे, नवीन जागी पाणी फुटणे. यांतले काही दिसले आणि पाऊस थांबत नसेल, तर दिवसाउजेडी वाडी सोडावी. पेठसारख्या डोंगरावरच्या गावांत साधे पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवली, तर उपग्रहाच्या चित्राला जोडायला जमिनीवरचा आकडा मिळतो. घाटातल्या पावसाबाबत उपग्रहाचा अंदाज अनेकदा कमी पडतो, कारण इथला बराचसा पाऊस फार उंच न जाणाऱ्या ढगांतून येतो. त्यामुळे हा आकडा विद्यापीठातल्या संशोधकालाही हवाच असतो. त्यासाठी लागते ते एक मापक, एक वही आणि सलग दहा-बारा पावसाळे ती भरणारा माणूस.