घोळ आणि चिवळ : ओळखायच्या कशा?

खुरपणीत काढलेल्या तणातूनच भगिनी दोन मुठी भाजी निवडून ओटीत घालतात. ती बहुधा घोळ किंवा चिवळ असते. दोघी सख्ख्या बहिणीच. शास्त्रात घोळीला पोर्चुलाका ओलेरासिया आणि चिवळीला पोर्चुलाका क्वाड्रिफिडा म्हणतात. गावोगाव नावे बदलतात. चिवळीला कुठे लहान घोळही म्हणतात. म्हणून खुणा पाहाव्यात.

घोळीचे खोड जाड, गुळगुळीत, लालसर असते. पाने चमच्यासारखी, टोकाकडे रुंद. शेंड्याला त्यांचा झुबका असतो. पिवळ्या फुलाला बहुधा 5 पाकळ्या.

चिवळ नाजूक. तिचे दोऱ्यासारखे खोड जमिनीलगत पसरते व पेरापेराला मुळ्या धरते. पाने बारीक, समोरासमोर जोडीने. पेरावर पांढरे केस दिसतात. फूल पिवळेच, पण पाकळ्या 4. फुले उन्हात थोडाच वेळ उमलतात. पाकळ्या सकाळीच मोजाव्यात.

यांच्याच शेजारी लहान दुधी पसरते. लांबून ती चिवळच वाटते. संशय आला की देठ मोडावा. पांढरा चीक आला तर ती दुधी. भाजीत घालू नये. घोळ-चिवळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो.

दोन्ही भाज्या आंबूस. घोळ मूगडाळीत किंवा ताकात चांगली लागते. चिवळ बेसन पेरून करावी. चिवळीला माती फार चिकटते, तेव्हा तीन-चार पाण्यांतून धुवावी. या भाज्यांत ऑक्झॅलेट असते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी त्या टाळाव्यात. उपाशी जनावरांपुढेही यांचा ढीग टाकू नये.

तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या रानातली भाजी मात्र कितीही कोवळी दिसली तरी घरी आणू नये. धुतल्याने सगळे औषध निघून जात नाही.

आता पिकाचे पाहू. दोन्ही वनस्पती मांसल असल्याने उपटल्यावरही बरेच दिवस जगतात. ओल्या वाफ्यात टाकलेला तुकडा पुन्हा मुळ्या धरतो. घोळीचे एक झाड हजारो काळे बी टाकते, आणि उपटलेल्या झाडावरही बी पिकते. म्हणून फुले येण्यापूर्वीच खुरपावे आणि तण वाफ्याबाहेर नेऊन कडक उन्हात वाळवावे. खाण्याजोगे तेवढे घरी न्यावे. बाकीचे रानात राहू देऊ नये.